रात्री हात बधिर होत असेल, तर कोणती बोटे बधिर होतात ते आधी पाहावे

आपला प्रश्न असा आहे की, रोज कोथरूडहून हिंजवडीला दुचाकीने जाणे-येणे आणि दिवसभर संगणकावर काम असताना, अलीकडे रात्री उजवा हात बधिर होऊन जाग येते. हे कशामुळे होत असावे आणि डॉक्टरांकडे कधी जावे? मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. प्रत्यक्ष हात तपासल्याशिवाय निदान सांगणे योग्य नाही, परंतु काय पाहावे हे निश्चित सांगता येईल.

ज्यात थांबायचेच नाही, ते आधी सांगतो. हात अचानक बधिर झाला आणि त्याबरोबर तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, त्याच बाजूच्या पायातील शक्ती जाणे किंवा दिसेनासे होणे यांपैकी काहीही घडले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी 108 वर फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पोहोचावे, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. काही मिनिटांत सारे पूर्ववत झाले, तरी घरी थांबू नये. हात जड होण्याबरोबर छातीत दुखत असेल, घाम फुटत असेल, तरीही हेच करावे.

आपल्या वर्णनात असे काही दिसत नाही. म्हणून आज रात्री जाग आली की दिवा लावून कोणती बोटे बधिर आहेत ते नीट पाहा आणि कागदावर हाताची बाह्यरेखा काढून तेवढाच भाग रंगवा. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू एवढेच बधिर असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटात नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) दबत असण्याची, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोमची, शक्यता मोठी असते. मनगटातील हाडे आणि त्यांवरचा जाड पट्टा यांमधल्या अरुंद जागेतून 9 स्नायुबंध आणि ही एक नस जाते. झोपेत मनगट दुमडले की तिथला दाब वाढतो. गरोदरपण, थायरॉईडची कमतरता, मधुमेह आणि संधिवात यांत हा त्रास अधिक आढळतो. कीबोर्डला दोष देण्याची आपल्याकडे सवय आहे, पण तो संबंध लोक समजतात तितका पक्का सिद्ध झालेला नाही. दुचाकीची मूठ घट्ट धरून खड्ड्यांचे हादरे सोसणे मला अधिक त्रासदायक वाटते.

करंगळी आणि तिच्याकडची अनामिकेची बाजू बधिर होत असेल, तर दोष बहुधा कोपरापाशी असतो. फोन कानाशी धरून किंवा टेबलावर कोपर टेकवून बराच वेळ बसणाऱ्यांत तो दिसतो. मानेपासून दंडात उतरणारी कळ असेल, तर मानेचे मणके तपासावे लागतात. दोन्ही पायांच्या तळव्यांपासून सुरुवात होऊन पुढे हात बधिर झाले असतील, तर मधुमेह आणि बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांचा विचार आधी होतो. त्वचेवर फिकट वा लालसर चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल, तर संकोच न करता कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर हात वाचतो.

आपला त्रास वारंवार होत असल्याने येत्या काही दिवसांत फॅमिली डॉक्टरांना दाखवावे, असे माझे मत आहे. मात्र शर्टाची बटणे लावता येत नसतील, हातातून कप निसटत असेल किंवा अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला असेल, तर लगेच जावे; तो स्नायू एकदा झिजला की पूर्ण भरून येईलच असे नाही. दोन्ही हातांनी बारीक कामे जमेनाशी होऊन चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मात्र त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्ट गाठावा.

तोपर्यंत रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट वापरून पाहावा. सौम्य त्रासात तो साधारण 6 आठवडे नेमाने लावला तर अनेकांना आराम पडतो. औषधांच्या दुकानातून परस्पर बी-12 च्या गोळ्या वा इंजेक्शने मात्र सुरू करू नयेत, कारण ती घेतल्यानंतर रक्तातील प्रमाण वाढलेले दिसते आणि मूळची कमतरता अहवालात झाकली जाते. आधी तपासणीसाठी रक्त द्यावे, मग औषध घ्यावे.