सेट विकायला काढण्याआधी मॉड्यूलचा मेनू उघडा

ड्रम शिकवणं आणि बिघडलेली पॅड उघडून बसणं, ही माझी दोन कामं. दोन्हीकडून प्रश्न एकच येतो: एवढा महागाचा इलेक्ट्रॉनिक सेट घेतला, आता तो ठेवू की काढून टाकू? विचारणारा बदलतो, गोंधळ तोच. म्हणून यावेळी त्याच धाटणीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. (मॉड्यूल म्हणजे पॅडवरचा ठोका ओळखून त्याचा आवाज काढणारा डबा.)

प्रश्न: दहा दिवसांपूर्वी वरच्या श्रेणीचा सेट घेतला. वाजवताना मजा येत नाही. अजून महिनाभर वाजवून मग ठरवावं म्हणतो. बरोबर ना?

नाही. आधी बिल काढा आणि परत करण्याची मुदत कोणत्या तारखेला संपते ते वाचा. दुकानदार तोंडी काय म्हणाला होता ते सोडा, कागदावर काय आहे ते बघा. खोकी, थर्माकोल, पिशव्या फेकल्या नसतील तर फेकू नका. मग एक अख्खी संध्याकाळ फक्त तपासणीला द्या. प्रत्येक पॅड एकेकटं वाजवा: मध्यभागी, कडेजवळ, रिमवर. सिम्बलची कड, मधला भाग आणि घुमट वेगळे ऐकू येतात का बघा, आणि कड चिमटीत धरल्यावर आवाज थांबतो का तेही. हाय-हॅटचं पेडल अगदी सावकाश दाबत जा. उघड्यापासून बंदपर्यंत आवाज पायऱ्या गाळत उड्या मारतोय का? यात कुठे खोट सापडली तर तो वॉरंटीचा विषय आहे, आवडीनिवडीचा नाही. खोट नसेल आणि तरी मजा येत नसेल, तर मुदत संपण्याआधी एखाद्या अनुभवी ड्रमरला त्यावर बसवा. मुदत टळल्यावर आलेली पत्रं वाचून मला फक्त हळहळता येतं.

प्रश्न: ठोका मारल्यावर आवाज किंचित उशिरा येतो. मॉड्यूल सदोष आहे का? ब्लूटूथ हेडफोन वापरतो.

वायरचा हेडफोन लावा.

प्रश्न: जाळीचे पॅड ‘नि:शब्द’ असतात असं सांगून सेट विकला. खालच्या मजल्यावरचे लोक दर संध्याकाळी वर येतात. आता विकण्यावाचून गत्यंतर नाही का?

‘नि:शब्द’ हा शब्द पॅडवर काडी पडल्याच्या आवाजाबद्दल असतो, आणि तेवढ्यापुरता बऱ्याच अंशी खराही असतो. रबरी पॅडपेक्षा जाळी कितीतरी शांत. पण खालच्यांना तुमची काडी ऐकूच येत नाही. त्यांना ऐकू येतो तुमचा पाय. किकचं, म्हणजे पायाने वाजवायच्या ड्रमचं, बीटर आपटलं की तो धक्का पेडलमधून, रॅकच्या पायांतून सरळ फरशीत उतरतो आणि खालच्या छताचाच ड्रम होतो. हेडफोन लावून बसलेल्या तुम्हाला याचा पत्ता नसतो.

गालिचा घातलाय, असं पुढच्या पत्रात कळवू नका. गालिच्याने सेट सरकत नाही, एवढाच त्याचा उपयोग. धक्का तोडायचा तर सेटखाली लवचिक आधारावर तरंगणारा जड मंच लागतो. जाड प्लायवुडच्या दोन फळ्या आणि मध्ये खाचांत बसवलेले टेनिसचे चेंडू, हा ड्रमरांचा जुना घरगुती तोडगा. चेंडू वजनाच्या मानाने मांडायचे, फळ्या कुठेही भिंतीला टेकू द्यायच्या नाहीत. पण त्याआधी एक करा: दुसऱ्या कुणाला वाजवायला बसवा आणि स्वतः खाली जाऊन उभे राहा. नेमकं काय ऐकू येतं ते कळल्याशिवाय खर्च करू नका. मंचानेही भागलं नाही तर ध्वनिरोधनाचं काम करणाऱ्या माणसाला जागा दाखवा, आणि शेजाऱ्यांशी वेळ ठरवून घ्या. हे शेवटचं फुकट आहे, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

प्रश्न: तीन वर्षं वाजवतोय. स्नेअरवरचे (समोरच्या मुख्य ड्रमवरचे) हलके ठोके ऐकूच येत नाहीत, आणि जोराचे सगळे एकाच आवाजात येतात. मित्र म्हणतो, इलेक्ट्रॉनिकमध्ये ‘फील’ नसतोच, विकून टाक. दुकानदार म्हणतो, वरचं मॉड्यूल घे. कोणाचं ऐकू?

दोघांचंही नको. याच प्रश्नापायी चांगले सेट मातीमोलाने जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पॅडच्या पोटात नाण्याएवढी पिझोची चकती असते. ठोक्याने ती थरथरली की बारीकसा विद्युतदाब तयार होतो. मॉड्यूल तो मोजतं आणि त्याला एक आकडा देतं. मिडी ही वाद्यांनी एकमेकांशी आणि संगणकाशी बोलायची पद्धत 1983 पासून चालत आली आहे, आणि तिच्यात ठोक्याचा जोर 1 ते 127 मध्ये मोजतात. तुमच्या मनगटाची सगळी नजाकत आधी त्या आकड्यात उतरते, मग आवाज होतो. आकडा चुकीचा निघत असेल तर जगातलं सगळ्यात महागडं मॉड्यूलही चुकीचाच आवाज काढेल.

आकडा बिघडवणाऱ्या गोष्टी मेनूत असतात. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा: त्याखालचा ठोका मॉड्यूल मोजतच नाही. तो चढवला की हलके ठोके गेले. सेन्सिटिव्हिटी फार वाढवली की मधल्या जोराचा ठोकाही 127 ला जाऊन आपटतो, आणि त्याच्या वर जागाच उरत नाही. तिसरा कर्व्ह, म्हणजे किती जोराला किती आवाज हे नातं. तुमचं दुखणं या तिघांच्या वर्णनाशी शब्दशः जुळतं.

मागे एक विद्यार्थी असाच सेट विकायला निघाला होता. घेणारा दुसऱ्या दिवशी येणार होता. मी स्नेअरवर बोटाने टिचकी मारली: काही नाही. जरा जोरात मारली: तरी नाही. मेनूतलं ट्रिगरचं, म्हणजे याच सेटिंगांचं, पान उघडलं तर थ्रेशोल्ड भलताच चढवलेला. का, विचारलं तर म्हणाला, किक मारली की स्नेअर आपोआप वाजायचा, म्हणून वाढवत गेलो. वाकून पाहिलं. स्नेअर पॅडची कड रॅकच्या नळीला टेकली होती. किकचा हादरा नळीतून थेट पॅडमध्ये. क्लॅम्प सैल केला, पॅड दोन बोटं अलीकडे घेतलं, थ्रेशोल्ड एकेक घर खाली आणला. मग सेन्सिटिव्हिटी इतकी उतरवली की त्याच्या सगळ्यात जोराच्या ठोक्यालाच मीटरची पट्टी वरच्या काठाला लागावी. चौथ्या-पाचव्या प्रयत्नात टिचकी ऐकू आली. तो स्नेअरकडे बघतच राहिला. घेणाऱ्याला फोन त्यानेच केला.

जाळीचा ताणही बघा. ढिली असेल तर काडी रुतते, ठोका मेल्यासारखा वाटतो. समोरासमोरचे स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे फिरवा. एकाच बाजूने आवळत गेलात तर जाळी तिरकी बसते. मध्यभागी मारल्यावरच आवाज दणकन मोठा होत असेल, तर सेन्सरवरचा फोमचा शंकू दबलेला असू शकतो. तो बदलणं किरकोळ काम आहे, पण पॅड कधी उघडलं नसेल तर तंत्रज्ञाकडे न्या. पिझोची तार केसासारखी असते, आणि घरी तुटलेल्या तारा मी पुष्कळ जोडल्या आहेत.

आता कटू भाग. हे सगळं नीट केल्यावरही ठोके एकसारखे येत असतील तर दोष हाताचा असेल. इलेक्ट्रॉनिक सेट लाड करतो: ठोका आडवातिडवा पडला तरी आवाज घोटीव येतो. तीन वर्षांत ती सवय मुरते. मॉड्यूल संगणकाला जोडून चार मिनिटं साधा ठेका रेकॉर्ड करा आणि जोराचे आकडे वाचा. डावा हात 40 वर हवा असताना 75 ते 110 मध्ये भटकताना दिसला, तर वरचं मॉड्यूल घेऊन तो सुधारणार नाही. ते आकडे शिक्षकाला दाखवा. एखादा तास खऱ्या लाकडी ड्रमवरही बसा. तिथे काय जमतं नि काय फसतं ते पाहिल्यावर मगच सेटचा निर्णय घ्या. ब्रशने वाजवण्याचीच ओढ असेल, तर मात्र मित्राचं काहीसं खरं आहे. बहुतेक पॅडना ब्रशचं घासणं समजत नाही.

प्रश्न: गिटारचा ॲम्प घरात आहे. त्यातून वाजवलं तर चालेल?

नको, किक फाटेल, सिम्बल चोंदतील आणि तुम्ही सेटला नावं ठेवाल.

प्रश्न: माझं मॉड्यूल आता बनत नाही. जुना सेट देऊन नवा घेण्याची ‘मर्यादित काळाची’ योजना आहे. घाई करू का?

अशा योजना संपतात आणि पुन्हा येतात. मॉडेल बंद झालं म्हणून तुमचं पॅड बहिरं होत नाही. नव्या आवाजांचीच हौस असेल तर जुनं मॉड्यूल यूएसबी किंवा मिडीने संगणकाला जोडा आणि आवाज तिथल्या सॉफ्टवेअरमधून काढा. बफर, म्हणजे संगणक आवाज बाहेर सोडण्याआधी साठवतो तो तुकडा, लहान ठेवा: सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या सॅम्पलिंगला 256 नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे 5.8 मिलिसेकंद, 512 म्हणजे दुप्पट. बाकी यंत्रणेचा उशीर त्यावर चढतो, म्हणून तुमच्या संगणकाला हे झेपेल का ते जाणकाराला विचारा. सेट हातचा जाऊ देण्याआधी.

प्रश्न: तास-दीड तास वाजवल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज येतो, सकाळपर्यंत राहतो. हेडफोनचा दोष की मॉड्यूलचा?

सेट बाजूला ठेवा आणि कानाच्या डॉक्टरांकडे जा. पुढच्या आठवड्यात नाही, लगेच. कामाच्या ठिकाणांसाठी सुचवलेली एक मर्यादा आहे: 85 डेसिबल, आठ तास. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. हेडफोनची कळ शेवटपर्यंत फिरवून दीड तास बसणाऱ्याने हा हिशेब स्वतः करावा. इलेक्ट्रॉनिक म्हणजे कानाला सुरक्षित, हे कुणी सांगितलं कोण जाणे.

प्रश्न: मुलाने तीन महिने सेटला हात लावलेला नाही. विकावा का?

त्याला विचारलंत का? आणि त्याचे पाय पेडलला पोचतात का, तेही बघा.

प्रश्न: विकायचं पक्कं झालं आहे. भाव मात्र फारच कमी सांगतात.

सांगणारच. मॉड्यूल ही संगणकाची जात आहे; नवं आलं की जुन्याचा भाव पडतो, आणि ‘आणखी सहा महिने बघू’ म्हणून तो वाढत नाही. जाळीची पॅड, स्टँड, चांगलं पेडल यांना त्या मानाने मागणी टिकते, त्यामुळे सुटं विकून जास्त मिळेल का ते दोन-तीन ठिकाणी विचारा. एकेक पॅड हलक्यापासून जोरापर्यंत वाजवून व्हिडिओ काढा. स्वतः बनवलेल्या आवाजांची प्रत काढून ठेवा, मग फॅक्टरी रीसेट करा. मूळ ॲडॅप्टरच द्या. दुसऱ्या कुठल्या यंत्राचा ‘बसतो’ म्हणून देऊ नका: व्होल्ट जुळले तरी पिनची धन-ऋण बाजू उलटी असू शकते, आणि मग ते मॉड्यूल माझ्या टेबलावर येतं. ड्रमची चावीही आठवणीने द्या. ती हमखास विकणाऱ्याच्या खिशात राहते.