की दाबली तरी बोर्ड झोपेतून उठत नाही, कीबोर्डच्या ड्रायव्हरमध्ये काय घालावं लागेल?

तुमचा प्रश्न मला असा समजला: आर्म बोर्डवर कीबोर्ड वाचणारी टीसीए८४१८ चिप आहे, तिला मॅट्रिक्स (रांगा आणि स्तंभांचा) कीबोर्ड जोडलेला आहे आणि चिप आय-टू-सी बसवर, म्हणजे चिपांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या दोन तारांच्या वाहिनीवर, बसते. बोर्ड जागा असताना सगळ्या की नीट चालतात. /सिस/पॉवर/स्टेट मध्ये 'मेम' लिहिलं की बोर्ड झोपतो, पॉवर बटणानं उठतो, पण कीबोर्डवरची कुठलीही की दाबली तरी ढिम्म हलत नाही. इंटरप्ट (डिव्हाइसनं सीपीयूला दिलेली हाक) घेताना आयआरक्यूएफ_नो_सस्पेंड हा फ्लॅग लावून पाहिलात, उपयोग झाला नाही.

तो फ्लॅग आधी काढून टाका. लिनक्स कर्नल झोपायला जाताना अगदी शेवटी जवळजवळ सगळ्या डिव्हाइसांचे इंटरप्ट बंद करतो. त्या वेळी 'माझा बंद करू नका' एवढंच हा फ्लॅग सांगतो. झोपेच्या वाटेवरही चालू राहावं लागणाऱ्या टायमरसारख्या गोष्टींसाठी तो आहे. सीपीयू झोपल्यावर हा इंटरप्ट त्याला उठवेल अशी हमी त्यात नाही, आणि कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे. उलट तुमच्या बाबतीत तो धोक्याचा आहे, कारण बस झोपलेली असताना हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) धावेल आणि चिपशी बोलायला जाईल.

उठवण्याची व्यवस्था वेगळी आहे आणि तिच्यात दोन प्रश्न वेगवेगळे ठेवलेले आहेत. हे डिव्हाइस मशीनला उठवू शकतं का, हा पहिला. ते ड्रायव्हर किंवा बोर्डाचं वर्णन सांगतं. त्याला उठवू द्यायचं का, हा दुसरा. तो निर्णय वापरणाऱ्याचा, आणि त्यासाठी सिसएफएसमध्ये (/सिस खालच्या फाइलींत) उठवू शकणाऱ्या प्रत्येक डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरात 'वेकअप' नावाची फाइल असते, जिच्यात 'एनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड' लिहिता येतं. ड्रायव्हरनं पहिल्याचं उत्तर द्यावं आणि दुसऱ्याचं उत्तर दर वेळी विचारून घ्यावं. मी हे इतकं आग्रहानं सांगतोय, कारण दुसरा प्रश्न न विचारणारे ड्रायव्हर मी बरेच वाचलेत. असं यंत्र दप्तरात ठेवलं, एखादी की दबली, की ते रात्रभर जागं राहतं आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळते. वापरणाऱ्याला ते थांबवायचा मार्गच उरत नाही.

आता तुमच्या चिपबद्दल. ती आय-टू-सीवर आहे ही चांगली बातमी आहे, कारण बरंचसं काम आय-टू-सी कोअर, म्हणजे कर्नलमधला सगळ्या आय-टू-सी ड्रायव्हरांचा सामाईक भाग, २०१५ पासून स्वतःच करतो. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलीत) कीबोर्डच्या नोडमध्ये 'वेकअप-सोर्स' ही एक प्रॉपर्टी घाला. ड्रायव्हरचा प्रोब होताना, म्हणजे तो डिव्हाइसला जोडला जाताना, कोअर ती वाचतो, डिव्हाइस_इनिट_वेकअप बोलावतो आणि क्लायंटचा इंटरप्ट डेव्ह_पीएम_सेट_वेक_आयआरक्यू या फंक्शनला देतो. पुढे झोपताना परवानगी आहे का ते पाहून इंटरप्ट सज्ज करणं आणि उठल्यावर सोडवणं हे पॉवर मॅनेजमेंटचा कोअर बघतो. म्हणजे ड्रायव्हरमध्ये एकही नवी ओळ न लिहिता काम होण्याची चांगली शक्यता आहे. एवढं करून आधी पाहा. जुन्या डिव्हाइस ट्रीमध्ये 'लिनक्स,वेकअप' किंवा 'जीपीआयओ-की,वेकअप' अशा प्रॉपर्टी दिसतील. त्यांची नक्कल करू नका, नव्या कामासाठी 'वेकअप-सोर्स' हीच वापरायची.

कीबोर्ड प्लॅटफॉर्म डिव्हाइस (आय-टू-सीसारख्या बसवर नसलेलं) असता, तर हे हातानं लिहावं लागलं असतं, आणि ते समजून घेतलेलं बरं. प्रोबमध्ये डिव्हाइस_इनिट_वेकअप. सस्पेंडमध्ये डिव्हाइस_मे_वेकअप विचारायचं, उत्तर हो आलं तरच एनेबल_आयआरक्यू_वेक. रिझ्यूममध्ये डिसेबल_आयआरक्यू_वेक. ही दोन्ही मोजून बरोबर जुळली पाहिजेत. एनेबल अपयशी ठरलं आणि तुम्ही डिसेबल केलंत, तर 'अनबॅलन्स्ड आयआरक्यू वेक डिसेबल' अशी वॉर्निंग लॉगमध्ये येते. म्हणून एनेबलचं उत्तर तपासा आणि ते यशस्वी झालं होतं की नाही हे एका बूलमध्ये (हो-नाही साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवा. रिझ्यूममध्ये पुन्हा डिव्हाइस_मे_वेकअप विचारण्यापेक्षा तो बूल पाहणं जास्त भरवशाचं. ही दोन फंक्शनं डिफाइन_सिंपल_डेव्ह_पीएम_ऑप्स या मॅक्रोनं जोडा आणि ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये पीएम_स्लीप_पीटीआर वापरा. कर्नल ५.१७ पासून ही जोडी आहे, त्यामुळे इफडेफची, म्हणजे अटी घालून कोड वगळण्याची, भानगड उरत नाही.

तुमच्या ड्रायव्हरच्या सस्पेंडमध्ये कुणी डिसेबल_आयआरक्यू लिहून ठेवलंय का, तेही पाहा. बोर्डाबरोबर आलेल्या कर्नलमध्ये असं पुष्कळदा सापडतं. उठवायची परवानगी असेल तेव्हा ती ओळ चालता कामा नये.

'वेकअप-सोर्स' घालूनही बोर्ड उठला नाही, तर ड्रायव्हरमध्ये खणत बसण्याआधी एक चाचणी करा. /सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल वाचा. तिच्यात 'एसटूआयडल' आणि 'डीप' असे पर्याय दिसतील, चौकटी कंसात असलेला सध्याचा. 'एसटूआयडल' निवडून झोपवा आणि की दाबा. या प्रकारात सीपीयू नुसता निवांत बसतो, इंटरप्ट कंट्रोलर जागेच असतात. इथे बोर्ड उठला आणि 'डीप'मध्ये उठला नाही, तर तुमचा ड्रायव्हर बरोबर आहे, दोष त्याच्या खाली कुठेतरी आहे. ही एक चाचणी आठवडाभराची शोधाशोध वाचवते.

खाली म्हणजे कुठे? पहिला संशय इंटरप्ट कंट्रोलरवर. चिपची इंटरप्ट लाइन प्रोसेसरच्या एखाद्या जीपीआयओ (सर्वसाधारण वापराच्या) पिनवर येते, त्या जीपीआयओ कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये आयआरक्यू_सेट_वेक हा कॉलबॅक लागतो. तो नसेल आणि कंट्रोलरनं तो टप्पा वगळायचा फ्लॅगही लावलेला नसेल, तर एनेबल_आयआरक्यू_वेक उणे ६, म्हणजे एनएक्सआयओ, परत देतं. कोअरच्या वाटेनं गेलात तर हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून तपासापुरतं ते फंक्शन स्वतः बोलावून पाहायला हरकत नाही. काही एसओसीमध्ये (बोर्डाच्या मुख्य प्रोसेसर चिपमध्ये) झोपेत फक्त एकच जीपीआयओ बँक जागी राहते. इंटरप्ट दुसऱ्या बँकेवर असेल, तर सॉफ्टवेअरनं काहीही करा, तो पोचणार नाही. त्यासाठी एसओसीचं रेफरन्स मॅन्युअल उघडावंच लागेल. पॉवर बटण उठवतंय यावरून काही ठरवू नका, बऱ्याच बोर्डांवर ते थेट पॉवर मॅनेजमेंटच्या चिपला जोडलेलं असतं आणि त्याची वाट वेगळी असते.

दुसरा संशय विजेवर. टीसीए८४१८ ला झोपेतही पुरवठा मिळाला पाहिजे. चिप स्वतः निवांत असताना जेमतेम ३ मायक्रोअँपिअर घेते, त्यामुळे बॅटरीचा बहाणा इथे चालत नाही. रेग्युलेटरच्या नोडमध्ये झोपेच्या स्थितीसाठी 'रेग्युलेटर-ऑन-इन-सस्पेंड' आहे का बघा. इंटरप्टची लाइन ओपन-ड्रेन आहे, चिप ती फक्त खाली ओढू शकते, म्हणजे तिचा पुल-अप (ती वर धरणारा रोधक) ज्या पुरवठ्यावर आहे तोही चालू राहायला हवा, नाहीतर लाइन आधीच खाली बसलेली असते. वीज तुटत असल्याची खूण सोपी आहे: बोर्ड पॉवर बटणानं उठवल्यावरही की चालत नाहीत, कारण चिपची रजिस्टरं पुसली गेलेली असतात.

आता ज्या भागासाठी मला हे उत्तर सविस्तर लिहावंसं वाटलं, तो. बोर्ड उठायला लागला की पुष्कळ जण काम संपलं असं समजतात. पण ज्या कीनं बोर्ड उठला, ती की प्रोग्रामपर्यंत पोचली का? पिन टाकून उघडायच्या यंत्रावर पहिला अंक दर वेळी गिळला जात असेल, तर वापरणाऱ्याला ते यंत्र खराबच वाटणार.

टीसीए८४१८ मध्ये ही की हरवण्याचं काही कारण नाही. चिप ८ रांगा आणि १० स्तंभ, म्हणजे ८० की, स्वतः स्कॅन करते आणि १० घटनांपर्यंत तिच्या फिफोमध्ये (आलेल्या क्रमानं साठवणाऱ्या रांगेत) साठवते. सीपीयू झोपलेला असताना दाबलेली आणि सोडलेली की तिथे सुरक्षित बसते आणि कुणी येऊन वाचेपर्यंत इंटरप्टची लाइन खाली राहते. म्हणून डिव्हाइस ट्रीमध्ये इंटरप्ट लेव्हल-लो, म्हणजे लाइन खाली असेपर्यंत लागू राहणारा, ठेवा. एज (लाइन खाली जातानाचा क्षणच पाहणारा) ठेवलात आणि ती एज झोपेच्या गडबडीत निसटली, तर लाइन खाली अडकून राहील, नवी एज येणारच नाही आणि कीबोर्ड रीबूटपर्यंत गप्प.

अडचण येते ती क्रमाची. उठताना कर्नल आधी 'नोआयआरक्यू' टप्प्यातले, म्हणजे इंटरप्ट अजून बंद असतानाचे, रिझ्यूम चालवतो, मग इंटरप्ट पुन्हा सुरू करतो आणि त्यानंतर बाकीच्या डिव्हाइसांचे नेहमीचे रिझ्यूम होतात. इंटरप्ट सुरू होताच तुमचा थ्रेडेड हँडलर धावतो आणि आय-टू-सीवरून चिपचं स्टेटस वाचायला जातो. तुमच्या आय-टू-सी कंट्रोलरचा रिझ्यूम नेहमीच्या टप्प्यात असेल, तर बस अजून झोपलेली असते. वाचन फसतं, लॉगमध्ये 'ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड' दिसू शकतं, लाइन खालीच राहते, हँडलर पुन्हा पुन्हा धावतो आणि कर्नल वैतागून तो इंटरप्ट कायमचा बंदही करू शकतो. बाहेरून दिसतं ते असं: बोर्ड उठला, पण कीबोर्ड मेला.

यावरचा खरा उपाय कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये आहे. त्याचे सस्पेंड आणि रिझ्यूम 'नोआयआरक्यू' टप्प्यात न्या. बऱ्याच कंट्रोलरांच्या ड्रायव्हरांनी याचसाठी तो टप्पा धरलेला आहे. तुम्हाला तिथे हात लावता येत नसेल, तर कीबोर्डच्या ड्रायव्हरमध्ये असं करा: सस्पेंडमध्ये 'झोपलो आहे' असा एक फ्लॅग लॉक धरून लावा. हँडलरला तो फ्लॅग दिसला तर त्यानं बसला हात न लावता डिसेबल_आयआरक्यू_नोसिंक करावं, पीएम_वेकअप_हार्ड_इव्हेंट कळवावं आणि परतावं. तुमच्या रिझ्यूममध्ये फ्लॅग काढा, आणि हँडलरनं इंटरप्ट बंद केला असेल तरच एनेबल_आयआरक्यू करा. लाइन अजून खालीच असल्यामुळे हँडलर लगेच पुन्हा धावेल आणि या वेळी बस जागी असेल. 'हार्ड' प्रकार मुद्दाम सांगतोय. तुमचा सस्पेंड होऊन गेलाय पण बोर्ड अजून पूर्ण झोपलेला नाही, नेमकी त्या फटीत की दाबली गेली, तर साधा पीएम_वेकअप_इव्हेंट फक्त झोपवण्याआधी /सिस/पॉवर/वेकअप_काउंट ही फाइल वापरणाऱ्यांनाच वाचवतो. 'हार्ड' असेल तर चाललेलं सस्पेंड तिथेच थांबतं.

तुमच्याकडे चिप नसून रांगा आणि स्तंभ थेट जीपीआयओला असते, तर फिफोचा आधार नसता. कर्नलचा मॅट्रिक्स_कीपॅड ड्रायव्हर एरवीही निवांत असताना सगळे स्तंभ एकदम सक्रिय ठेवतो, त्यामुळे कुठलीही की दाबली तरी कुठल्यातरी रांगेत इंटरप्ट येतो, आणि झोपेत त्या रांगांचे इंटरप्ट सज्ज ठेवलेले असतात. जीपीआयओ_कीज ड्रायव्हर आणखी एक गोष्ट करतो: हँडलर धावेपर्यंत बोट उचललेलं असेल, तर दाबल्याची घटना तो स्वतः पाठवतो. हा ड्रायव्हर एकदा नीट वाचाच, या विषयावर त्याच्याइतकं चांगलं पाठ्यपुस्तक नाही.

चाचणी करताना आरटीसीवेक ही ठरावीक वेळानं बोर्ड उठवणारी कमांड वापरा: 'मेम' प्रकार आणि ३० सेकंद द्या, म्हणजे की चालली नाही तरी बोर्ड आपोआप उठेल आणि दर वेळी वीज काढावी लागणार नाही. सिरियल कन्सोल असेल तर बूट करताना नो_कन्सोल_सस्पेंड द्या. उठल्यावर /सिस/पॉवर/पीएम_वेकअप_आयआरक्यू मध्ये उठवणाऱ्या इंटरप्टचा क्रमांक मिळतो. तो /प्रॉक/इंटरप्ट्सशी ताडून पाहा. डिबगएफएसमधल्या (तपासासाठीच्या कर्नल फाइलींमधल्या) वेकअप_सोर्सेस यादीत तुमच्या डिव्हाइसचं नाव दिसलं नाही, तर 'वेकअप-सोर्स' वाचलीच गेलेली नाही. बहुधा जुना डीटीबी (डिव्हाइस ट्रीची कंपाइल केलेली फाइल) बूट होतोय.

लॅपटॉपसाठी हे वाचणाऱ्यांना ड्रायव्हर लिहायची गरज सहसा पडत नाही. यूएसबी कीबोर्डला कर्नल उठवण्याची परवानगी बूट प्रोटोकॉल पाहून आधीच देतो. उठत नसेल तर डिव्हाइसच्या आणि त्याच्या होस्ट कंट्रोलरच्या, दोन्हींच्या वेकअप फाइली तपासा.

तुमच्याकडून तीन गोष्टी मिळाल्या तर पुढचं नेमकं सांगता येईल: डिव्हाइस ट्रीमधला कीबोर्डचा पूर्ण नोड, 'एसटूआयडल' आणि 'डीप' दोन्हींत काय झालं ते, आणि झोपायच्या आधीपासून उठेपर्यंतचा डीमेसेज (कर्नलचा लॉग). एसओसी कोणता ते प्रश्नात लिहिलेलं नाही, तेही जोडा.