घरमालकाचा मोडका सोफा टाकून आम्ही स्वतःचा घेतला. आता घर सोडताना तो नेता येईल का?

सोफा तुमच्या पैशाचा आहे, तो तुम्ही नेऊ शकता. फक्त तो उचलला की हॉल रिकामा होणार आणि मालक विचारणार, 'माझा कुठाय?' त्याचं उत्तर आधी तयार ठेवा.

तुम्ही लिहिलंय की जुन्या सोफ्याची स्प्रिंग वर आली होती, म्हणून दोन वर्षांपूर्वी तो भंगारात दिला. मालकांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते 'बघा तुमच्या सोयीने' म्हणाले. खरी गोम इथेच आहे. त्या वाक्याचा अर्थ तुम्ही 'टाकून द्या' असा घेतला. त्यांच्या मनात 'बाजूला ठेवा' असं असेल, किंवा आता ते फोनच आठवत नाही म्हणतील. खोटं कुणीच बोलत नसतं आणि भांडण मात्र होतं. करारासोबतच्या यादीत 'सोफा, १ नग' असं लिहिलेलं असेल, तर तो कितीही मोडका असला तरी वस्तू मालकाचीच. दुरुस्त करायची, बदलायची की फेकायची, हे त्यांनी ठरवायचं असतं.

मी तर टाकलंही नव्हतं, तरी अडकलो. आमच्या भाड्याच्या घरात मालकांचा पार्टिकल बोर्डचा डबलबेड होता. माझ्या पाठीला तो चालेना, म्हणून आम्ही लाकडी पलंग आणला आणि त्यांचा उघडून गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवला. बोल्ट एका डब्यात, डब्यावर चिठ्ठी, सगळं अगदी शिस्तीत. चार वर्षांनी घर सोडायच्या आदल्या रात्री तो जोडायला घेतला. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेली फळी. एकदा ओल शिरली की ती फुगते, आणि वाळली तरी पूर्वीसारखी होत नाही. खालची कड दुप्पट जाड झाली होती. स्क्रू नुसता गरगर फिरायचा, धरायचा नाही. अस्सल लाकूड असतं तर काडेपेटीच्या काड्या गोंदात बुडवून भोकात ठोकल्या असत्या, काम भागलं असतं. इथे भोकाभोवतीचा भुसाच बोटाला लागत होता. रात्री एक वाजता पलंग उभा राहिला. सकाळी मालक आले, त्यांनी एका कोपऱ्यावर फक्त हात टेकला आणि पलंग पायाकडे कलला.

त्यांनी डिपॉझिटमधून अख्ख्या नव्या पलंगाची किंमत कापायला घेतली. तिथे मात्र मी अडून बसलो, आणि तुमच्याही कामाची गोष्ट हीच आहे. भरपाई जुन्या वस्तूची द्यायची असते, नव्या वस्तूची नाही. वस्तू साधारण १० वर्षं टिकणारी असेल आणि ७ वर्षं वापरून झाली असतील, तर उरली ३ वर्षं, म्हणजे किमतीचा ३० टक्के भाग. मालकांचा तो पलंग आठ वर्षांचा होता. बरीच वादावादी होऊन पाचव्या हिश्शावर मिटलं. तुमच्या करारात मोडतोडीबद्दल वेगळं काही लिहिलं असेल तर आधी ते वाचा. रोजच्या वापराने गादी दबणं, कापड विटणं ही झीज झाली, तिचे पैसे सहसा भाडेकरूने द्यायचे नसतात. स्प्रिंग वर येणं बहुतेक त्यातच बसेल, पण ती दाखवायला सोफाच आता नाही! टाकण्यापूर्वी काढलेला एखादा फोटो फोनमध्ये सापडतो का, ते आधी शोधा. घरातल्या वाढदिवसाच्या फोटोत मागे दिसत असला तरी चालेल.

मला विचाराल तर सोफा तिथेच सोडायचा विचार करून बघा. नव्या घराच्या दारातून, जिन्यातून तो जाईल का, हे मोजलंय का? न्यायचा खर्च आणि मालकांना द्यावी लागणारी भरपाई यांची बेरीज सोफ्याच्या आजच्या किमतीच्या वर जात असेल, तर नेण्यात अर्थ नाही. मात्र सोडला म्हणून ते तुम्हाला फरक देतील ही आशा ठेवू नका. तुम्ही आपणहून भारी वस्तू आणलीत, ती त्यांनी मागितली नव्हती. न्यायचाच असेल तर त्याच तोडीचा एखादा वापरलेला सोफा घेऊन ठेवायची तयारी दाखवा, पण तो त्यांना दाखवून, होकार घेऊन मगच आणा. आणि जे ठरेल ते लेखी. मोठं काही नको, 'जुना सोफा मोडल्याने काढला, त्याबदल्यात हा ठेवत आहे, डिपॉझिटमधून यापोटी काही कापायचं नाही' एवढा मेसेज आणि त्यावर त्यांचं 'ठीक आहे'.

हे सामान बांधायला घेण्याआधी करा. सामान गेल्यावर किल्ली हातात घेऊन रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून बोलणी केली की भाडेकरूची बाजू लंगडी पडते. सोफा हलवल्यावर मागच्या भिंतीचाही फोटो काढा. तिथे रंगाचा उजळ चौकोन आणि टेकलेल्या पाठीचे ओरखडे असतात, आणि त्यावरून दुसरा वाद निघतो. आमच्याकडे निघाला होता.