स्थलांतरावरच्या चित्रपटांत उडणारे हंस इतक्या जवळून कसे टिपतात?
बहुतेकदा ते पक्षी माणसाच्या हाताखाली वाढलेले असतात. अंड्यातून बाहेर आल्यावर हंसाचं पिल्लू जे सर्वांत आधी हलताना पाहतं, त्यालाच आई मानतं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी कलहंसांवर हे दाखवलं होतं. म्हणून त्यांना लहानपणापासून माणसाच्या आवाजाची आणि इंजिनाच्या घरघरीची सवय लावतात. मग ते अल्ट्रालाइट म्हणजे अगदी हलक्या, छोट्या विमानाला चिकटूनच उडतात, इतके की ताणलेली मान आणि वाऱ्याने थरथरणारं पीस स्पष्ट दिसतं. फ्रेंच चित्रपटकार झाक पेराँ यांच्या २००१ च्या 'विंग्ड मायग्रेशन'मध्ये हेच केलंय. मात्र ही युक्ती सगळ्यांना लागू नाही. अलास्काहून न थांबता ११ हजार किलोमीटरहून जास्त उडणाऱ्या गॉडविट या पाणथळीतल्या पक्ष्याची दमछाक कॅमेऱ्याला गाठता येत नाही. तिथे पक्षी कुठे आहे ते कळवणारा पाठीवरचा ट्रान्समीटरच कामी येतो.