पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम पूर्ण केली ती एल्कानोने

पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम कोणी पूर्ण केली, या प्रश्नाला स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात मोहिमेचा नेता मॅगेलन आणि दुसऱ्यात त्याच मोहिमेतील खलाशी एल्कानो असे उत्तर सापडल्यामुळे आपण गोंधळला आहात. पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम पूर्ण केली ती एल्कानोनेच, आणि ज्या पुस्तकात मॅगेलन छापले आहे त्याच्यावर इतिहासाच्या बाबतीत विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी शाळेत इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या आंतरशालेय प्रश्नमंजूषेत हाच प्रश्न आला, तेव्हा आमच्या संघातील आठवीच्या मुलीने क्षणाचाही विलंब न लावता एल्कानोचे नाव घेतले. परीक्षकांनी हातातील कार्ड पाहून उत्तर चूक ठरवले आणि गुण शेजारच्या संघाला दिला. मुलगी खाली बसली नाही. "सर, मॅगेलन तर माक्तान बेटावर मारला गेला, मग तो परत कसा येईल?" असे तिने विचारले. मी व्यासपीठाजवळ जाऊन सनावळी सांगितली, तरी "कार्डावर छापले आहे तेच ग्राह्य" एवढेच उत्तर मिळाले. त्या मुलीचा मला आजही अभिमान वाटतो, कारण तिने नाव पाठ केले नव्हते, प्रवास समजून घेतला होता.

तो प्रवास असा. २० सप्टेंबर १५१९ रोजी पाच जहाजे स्पेनमधील सानलुकार बंदरातून बाहेर पडली. त्यांपैकी सांतियागो दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर फुटले, सान अंतोनिओ त्या खंडाच्या दक्षिण टोकाच्या सामुद्रधुनीतूनच माघारी पळाले, कॉन्सेप्सिऑन चालवायला माणसे उरली नाहीत म्हणून जाळावे लागले आणि त्रिनिदाद पोर्तुगिजांच्या हाती पडले. २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपिन्समधील माक्तान बेटाचा सरदार लापुलापू याच्या लोकांशी झालेल्या लढाईत मॅगेलन ठार झाला. त्यानंतर मसाल्याच्या बेटांवर लवंग भरून, पोर्तुगिजांची बंदरे शक्य तितकी टाळत, आफ्रिकेला वळसा घालून व्हिक्टोरिया हे एकच जहाज एल्कानोने ६ सप्टेंबर १५२२ रोजी सानलुकारला आणले, तेव्हा त्यावर अवघी अठरा माणसे होती. ज्या एल्कानोने पॅटागोनियातील सान हुलियान येथे झालेल्या खलाशांच्या बंडात मॅगेलनविरुद्ध भाग घेतला होता, त्याच्याच हातून मोहीम तडीस गेली. राजाने त्याला दिलेल्या मानचिन्हावर पृथ्वीचा गोल असून "तूच प्रथम मला प्रदक्षिणा घातलीस" अशा अर्थाची लॅटिन ओळ आहे. खुद्द स्पेनच्या राजाने दिलेला हा निवाडा आमच्या परीक्षकांना पुरेसा वाटू नये, याचे मला नवल वाटते.

मॅगेलनची बाजू घेणारे सांगतात की तो पूर्वी पोर्तुगिजांच्या चाकरीत हिंदुस्थानात होता, १५०९ मध्ये दीवच्या आरमारी लढाईत लढला आणि १५११ मध्ये मलाक्कापर्यंत गेला, म्हणून दोन प्रवास मिळून त्याची प्रदक्षिणा झाली. परंतु मलाक्का आणि माक्तान यांच्यामध्ये वीस अंशांहून अधिक रेखांश उरतात, त्यामुळे एवढ्या आधारावर प्रदक्षिणा पूर्ण ठरत नाही. मलाक्काहून मॅगेलनबरोबर युरोपात आलेला त्याचा गुलाम एन्रिके याचा दावा मला अधिक वजनदार वाटतो, कारण युरोपातून पश्चिमेकडे प्रवास करतच तो फिलिपिन्सपर्यंत पोहोचला होता, आणि तेथून मलाक्काला परतला असता तर त्याची प्रदक्षिणा पूर्ण झाली असती. मात्र १५२१ च्या मे महिन्यानंतर त्याचा माग लागत नाही.

अर्थात प्रश्नात "कोणाच्या नेतृत्वाखाली मोहीम निघाली" असे विचारले असेल, तर मॅगेलन हेच लिहावे. इतर वेळी एल्कानो लिहा, आणि पहिल्या उत्तरतालिकेत मॅगेलन आले तर हरकतीची मुदत संपण्यापूर्वी माक्तान आणि सानलुकार या दोन्ही तारखा पुराव्यासह जोडून हरकत नोंदवा.