आईच्या दबलेल्या मणक्यात सिमेंट भरायचं की स्क्रू-रॉड टाकायचे?

तुमच्या आईंचं वय ७६, घागर उचलताना एल-१ (कमरेचा पहिला) मणका दबला, दहा दिवस झाले, पायांत ताकद पूर्ण आहे. एक डॉक्टर सिमेंट (सुईनं मणक्यात सोडायचा, आत घट्ट होणारा पदार्थ) सांगतात, दुसरे स्क्रू-रॉड (धातूच्या सळ्यांनी मणके बांधणं). मला विचाराल तर आज दोन्ही नको.

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. पाणी येण्याच्या दिवशी घागरी उचलून पाठ धरलेल्या आज्या इथं नव्या नाहीत. असे बहुतेक मणके सहा ते बारा आठवड्यांत आपोआप जुळतात. वेदनेच्या गोळ्या, पट्टा, आणि सोसेल तसं उठून चालणं, एवढं आधी नीट होऊ द्या. ‘महिनाभर कूससुद्धा बदलू नका’ असं सांगणारे शेजारी भेटतीलच. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. पडून राहिल्यानं हाड आणखी ठिसूळ होतं, छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते.

सिमेंटबद्दल डॉक्टरांमध्येच एकमत नाही. २००९ मध्ये दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत काही रुग्णांना खरं सिमेंट दिलं, काहींवर नुसतं प्रक्रियेचं नाटक केलं; दुखणं दोघांचंही सारखंच कमी झालं. पुढे २०१६ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत मात्र सहा आठवड्यांच्या आतलं फ्रॅक्चर आणि तीव्र वेदना असलेल्यांना फायदा दिसला. म्हणून दोन-तीन आठवडे औषधं घेऊनही आईंना अंथरुणातून उठवत नसेल आणि एमआरआयमध्ये त्याच मणक्यात ताजी सूज असेल, तर सिमेंटचा विचार जरूर करा. नुसत्या एक्स-रेवर ठरवू नका, कारण जुना, जुळून गेलेला मणकाही त्यात दबलेलाच दिसतो. सिमेंट कधी मणक्याबाहेर झिरपतं, क्वचित फुप्फुसापर्यंत जातं, हेही विचारून घ्या.

स्क्रू-रॉडचं ऑपरेशन मोठं. मज्जारज्जू किंवा नसा दबल्या, मणका अस्थिर झाला, तर ते लागतंच. पण ठिसूळ हाडातला स्क्रू भुसभुशीत मातीतल्या खुंट्यासारखा हलतो. म्हणून सर्जन स्क्रूभोवती सिमेंट भरतात किंवा वर-खाली जास्त मणके बांधतात. आईंच्या पायांत ताकद असताना हे का, हा प्रश्न दुसऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा. कारण सांगता आलं नाही, तर तिसरं मत घ्या. ताप, वजन घटणं, रात्रीचं दुखणं असेल तर टीबी आणि कॅन्सरची तपासणी आधी.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मणक्यावर खर्च होतो, हाडाच्या ठिसूळपणावर कोणी औषध देत नाही, आणि वर्षभरात पेशंट दुसरा मणका दबवून येतो. डेक्सा (हाडाची घनता मोजणारी तपासणी) करा, व्हिटॅमिन डी तपासा. हाड बळकट करायला वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन की रोजचं टेरिपॅराटाइडचं, हे फिजिशियन ठरवतील. त्यासाठीच दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू केलंत, तर तारीख चुकवू नका. ते मधेच सोडलं की मणके पटापट दबू शकतात.

पाय लटपटले, मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली किंवा लघवी अडली, तर उत्तरं वाचत बसू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.