ओट्यावरचा आइस मेकर: घ्यावा की ट्रेच बरे?

प्रश्न (नागपूर): मे महिन्यात घरी पाहुण्यांची वर्दळ असते आणि फ्रीजरमधले दोन ट्रे पुरत नाहीत. ओट्यावर ठेवायचा आइस मेकर घ्यावा म्हणतो. खोक्यावर ‘दिवसाला 12 किलो बर्फ’ असं छापलंय. खरंच एवढा होतो का?

उत्तर: होतो, पण यंत्र चोवीस तास न थांबता चाललं आणि खोली गार असली तर. हा कॉम्प्रेसर पाण्यातून काढलेली उष्णता तुमच्याच स्वयंपाकघरात सोडतो. नागपूरच्या मे महिन्यात ती बाहेर टाकायलाच त्याला धाप लागते, मग प्रत्येक फेरी लांबत जाते.

12 किलो विसरा, एका फेरीचा हिशेब धरा. आत एक छोटं तसराळं असतं. त्यात पाणी येतं, पाण्यात धातूची नऊ बोटं बुडतात, बोटांभोवती बर्फ धरतो. सात-आठ मिनिटांनी त्याच बोटांतून गरम वायू फिरतो आणि खडे सुटून टोपलीत पडतात. नऊ खडे म्हणजे साधारण 60 ग्रॅम. सरबताच्या ग्लासाला सहा खडे धरले तर दहा पाहुण्यांना साठ लागतील, म्हणजे सात फेऱ्या आणि जवळजवळ तास. पाहुणे दारात आल्यावर बटण दाबलंत तर पन्हं कोमटच प्यावं लागेल. तासभर आधी सुरू करा आणि टाकीत फ्रीजमधलं गार पाणी ओता. गच्चीवरच्या टाकीचं पाणी आधी थंड करण्यातच यंत्राचा बराच वेळ जातो. जाळीच्या बाजूंना वीतभर मोकळी जागा हवी, आणि शेगडीशेजारी तर ठेवूच नका.

घरात रोज थंड कॉफी, ताक, सरबत चालत असेल तर जरूर घ्या. वर्षातून चार वेळा पाहुणे येणार म्हणून घेत असाल तर मी नको म्हणेन. आणखी तीन ट्रे आणि फ्रीजरमध्ये एक डबा, एवढ्यात भागतं.

प्रश्न (पुणे): रात्री टोपली भरून ठेवली, सकाळी बघते तर सगळं पाणी. दुकानदार म्हणतो, यात बिघाड नाही. फसवतोय का?

उत्तर: नाही, तो खरं बोलतोय, फक्त विकताना सांगायला हवं होतं. हे यंत्र बर्फ बनवतं, साठवत नाही. टोपलीभोवती उष्णतारोधक थर असतो, पण तिथे थंडावा सोडणारं काही नसतं. वितळलेलं पाणी खालच्या टाकीत जातं आणि पुन्हा त्याचेच खडे होतात. शिवाय हा बर्फ शून्य अंशाच्या आसपास, ओलसर आणि आतून पोकळ. फ्रीजरमधला उणे 18 चा. त्यामुळे ग्लासातही हा लवकर विरघळतो. साठवायचाच असेल तर खडे चाळणीत निथळा, ताटात पसरून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि मगच डब्यात भरा. थेट डब्यात ओतलेत तर सकाळी एकच ढेकूळ हाती येईल.

प्रश्न (सोलापूर): आमच्याकडे बोअरचं पाणी. महिन्याभरात टाकीत पांढरा थर आणि बर्फात पापुद्रे दिसायला लागले. चालेल का?

उत्तर: चालवू नका. तो क्षार आहे. पंपात आणि बोटांवर बसला की खडे बारके होतात, नीट सुटत नाहीत. आरओचं पाणी वापरा. साचलेल्या थरासाठी लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवा, यंत्राला सफाईची सोय असेल तर तिने ते फिरवा, नाहीतर टाकीत अर्धा तास राहू द्या. मग तळाचं बूच काढून रिकामं करा आणि दोनदा साध्या पाण्याने धुवा. नंतरच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचा बर्फ बेसिनमध्ये. क्षार नसला तरी पाणी दिवसेंदिवस टाकीत ठेवू नये. गावाला जाताना बूच उघडं आणि झाकण किलकिलं ठेवून जा, नाहीतर परत आल्यावर कुबट वास नाकात शिरेल.

प्रश्न (ठाणे): न्यू जर्सीची नणंद दिवाळीला येतेय. तिकडचा आइस मेकर आणू का विचारते. ट्रान्सफॉर्मर लावून चालेल ना?

उत्तर: तिला दुसरं काहीतरी मागा. तिकडे 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवेल, हर्ट्झ तेवढेच राहतील. साध्या कॉम्प्रेसरची मोटर त्यामुळे हळू फिरते आणि जास्त तापते. इथे वॉरंटी नाही, सुट्या भागांची बोंब. शिवाय विमानाच्या सामानात यंत्र आडवं-उलटं होणार. कॉम्प्रेसर असलेली वस्तू आडवी झाली तर ती उभी करून एक दिवस तशीच ठेवायची आणि मगच चालू करायची. हे इथल्या दुकानातून रिक्षाने आणलेल्या यंत्रालाही लागू आहे.

प्रश्न (नाशिक): वीज किती खाईल?

उत्तर: यंत्र 120 वॉटचं असेल आणि तासाला अर्धा किलो बर्फ देत असेल, तर किलोला पाव युनिट. उन्हाळ्यात थोडी जास्त. बिलाची काळजी नको, ओट्यावरच्या जागेची करा.

प्रश्न (रत्नागिरी): मुंबईला बहिणीकडे पाच किलो सुरमई न्यायची असते. या बर्फात चालेल का?

उत्तर: बर्फ उत्तम, पण पुरणार नाही. माशाला वितळता बर्फच चांगला. ते पाणी प्रत्येक फटीत शिरतं आणि मासा शून्याच्या आसपास राहतो. पण आपल्या हवेत किलोला किलोभर बर्फ धरावा लागतो. पाच किलोला हे यंत्र दहा तास फिरवावं लागेल, आणि टोपलीत तर एका वेळी किलोभरही मावत नाही. बंदरावरच्या बर्फवाल्याकडून लादी फोडून घ्या, थर्मोकोलच्या खोक्यात तळाला आणि वर बर्फ, मध्ये मासा, आणि खोक्याच्या कोपऱ्याला पाणी निघायला एक भोक पाडा. गाडीत खोक्याखाली परात ठेवा, नाहीतर डिकीला आठवडाभर वास येतो.